मठार

पंचवटीतला बारा खाटांचा दवाखाना,
लादीतून चपलेत चढणारी जानेवारीची थंडी.
कल्याणी चार पावलं चालते, थांबते,
माझ्या गळ्यात हात टाकून लोंबकळते,
आणि मी नुसता खुंटी होतो.

पहिल्या कळांना मी फार बोललो.
"झालंच आता, थोडंच राहिलंय."
ती म्हणाली, "तुला काय माहीत?"
खरंच होतं.

मग मोबाइलवर मोजत बसलो:
सात मिनिटं, साडेपाच, पुन्हा सात.
गांगुर्डे सिस्टरनी फोन खिशात ठेवायला लावला.
"घड्याळ आमच्याकडे आहे. तुम्ही कंबर धरा."

तांबट आळीतला हात हा.
हंड्याच्या पोटावर ठोक्याशेजारी ठोका, एवढंच त्याला ठाऊक.
दाबून, न हलता थांबायचं
कुणी शिकवलंच नव्हतं.
"खाली. अजून खाली. हां. सोडू नकोस."
तळव्याचे घट्टे तिच्या माकडहाडाशी टेकवून
मी श्वास सोडतो, लांब, तिला ऐकू जाईल असा.
तिसऱ्या कळेला ती तो उचलते.

मधल्या वेळात घोटभर पाणी,
सुकल्या ओठांना तूप.
एकदा शिवी, मलाच.
ती ठेवून घेतली.

साडेचारला म्हणाली, "नाही जमत आता मला."
माझ्याकडे उत्तर तयार होतं.
दिलं नाही.
"आहे मी," म्हणालो,
आणि तिचा घाम टिपत राहिलो.

सहाला काकांचा फोन: भट्टी पेटवू का, येतोयस ना?
मागून नवा आवाज ऐकू गेला असावा.
पलीकडे हातोडी खाली ठेवल्याचा टण्ण.

मनगटावर तिची चार नखं उमटलीत.
पोचे मठारून काढतो मी,
हे राहू देत.