तीन टक्के

सोहारच्या बंदरामागे आमचा कारखाना,
कारखान्याच्या पाठीला चिकटून खरेदी विभाग:
सहा टेबलं, वेलचीच्या चहाचा एक थर्मास,
आणि खिडकीत धुळीनं पिवळा पडलेला समुद्र.

रविवारपर्यंत एका पानात सांगायचंय
जुन्या डॅशबोर्डचं नूतनीकरण करावं
की एजंट घ्यावा.

डॅशबोर्ड चार वर्षांच्या सवयीचा.
कुठला व्हॉल्व्ह कस्टममध्ये अडकलाय,
कोणाचं बिल साठ दिवसांपुढे गेलंय,
लाल, पिवळं, हिरवं.
आरामखुर्चीतल्या सासऱ्यांसारखा:
सगळं दिसतं,
उठून काही करायचं मात्र नाही.

एजंट उठतो.
मी बरकाला भाचीच्या बारशाला गेले
त्या एका रात्रीत त्यानं अकरा ठिकाणी दर मागवले,
चौघांशी घासाघीस केली,
एकाला अरबीत इतक्या अदबीनं नकार कळवला
की सुलेमान अल-मामरी वाचून म्हणाला,
असं माझ्या आजोबांनाही जमलं नसतं.

सोमवारी त्यानं मला विचारलं:
गॅस्केट. नऊ वर्षं. एकच पुरवठादार.
बाजारापेक्षा सरासरी तीन टक्के जास्त.
कारण?
खाली चौकट, दोनशे अक्षरांची.

कारण मुबीन पार्कर.
कारण चक्रीवादळाच्या रात्री
सहमच्या रस्त्यावर पाणी चढलेलं असताना
तो त्याच्या खटारा गाडीतून माल घेऊन आला,
चुकीचा साईझ आणला,
माझ्या शिव्या खाल्ल्या,
आणि पुन्हा गेला.
कारण हेही, की ईदला त्याच्या घरून सांदणांचा डबा येतो
आणि भेटवस्तूंच्या रजिस्टरात
तो मी कधी लिहिलेला नाही.

दोनशे अक्षरांत कृतज्ञता बसते. मोजून पाहिलं.
लाचही बसते.
दोन्ही शब्द तसे लहानच.

ही ओळ डॅशबोर्डवर चार वर्षं पिवळी होती.
त्या कोपऱ्यावर मी
कॅलेंडरची खिडकी उघडून ठेवायचे.

बुधवारी मुबीनभाईंचा फोन.
"तुजा नवीन मानूस बरा हाय गो,
रातचे तीन वाजता जबाब देतो. निजत नाय काय?"
नाही निजत, म्हटलं.
"त्याला दीड टक्का सोडला मी.
म्हनला असता तर दोनपन सोडला असता."
मग मला का नाही सोडला, नऊ वर्षं?
तो हसला, अगदी मनापासून.
"तू कदी इचारलंसच नाय."

फोन ठेवून मी बराच वेळ
थर्मासचं झाकण फिरवत बसले.
एका हेल्परचा वर्षाचा पगार निघाला असता.
तो आकडा पानात आलेला नाही.

आज रविवार.
शिफारस: डॅशबोर्ड.
कारण: अंतिम निर्णयावर मानवी देखरेख आवश्यक.
वाक्य चांगलं आहे. खोटंही नाही.
सुलेमाननं वाचलं, मान हलवली,
माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं
आणि चहा ओतला.

सही करण्याआधी कॅलेंडर बाजूला सरकवलं.
पिवळी ओळ होती तिथेच.
शेजारच्या स्क्रीनवर ती चौकटही, अजून उघडी,
आणि तिच्याखाली बारीक करड्या अक्षरांत:
शिल्लक अक्षरं, दोनशे.