एक किलो हवा

गाडीचं नाव गोल, अंग चौकोनी.
अठ्ठ्याऐंशी सालची, विटलेल्या विटेच्या रंगाची.
आदिल्सन पोर्तुगालला निघाला तेव्हा
चावी माझ्या हातावर ठेवून म्हणाला,
टर्बो बसवलाय, फक्त ट्यूनिंग राहिलंय.
जसं काही मीठ घालायचंच तेवढं राहिलं होतं.

कास्कावेलमध्ये जुलैत दहिवर गोठतं,
लाल मातीवर पांढरं.
उसाच्या दारूवर चालणारं इंजिन अशा थंडीत उठत नाही.
आधी त्याला पेट्रोलचा एक घोट पाजावा लागतो,
मग ते खोकतं, शिव्या देतं, कामाला लागतं.
वाल्देसीरही तसाच.
त्याचा घोट भोपळ्यातल्या कढत शिमारांवचा.

डावा कान गेलेला, उजवा चौघांचा.
स्क्रूड्रायव्हरची मूठ त्या कानाशी धरून
टोक मॅनिफोल्डवर टेकवतो आणि डोळे मिटतो.
शेजारच्या गाळ्यात पोरं लॅपटॉप जोडतात.
याच्याकडे बिस्किटांचा डबा, डब्यात जेट,
पितळेचे, मक्याच्या दाण्याएवढे,
प्रत्येकाच्या पोटातून दाभणाचं भोक.

तिसरा गियर, पाय तळापर्यंत,
काटा चढतो, शिट्टी चढते,
हवा एक किलोला पोचते
आणि नेमकी तिथंच गाडी मान टाकते.

उपाशी आहे, मी म्हटलं.
एवढी हवा कोंबतोय, दारू पुरत नाही.
एकशे साठ काढला, पंचाहत्तर घातला.
मान टाकली.
नव्वद घातला.
लवकर टाकली.

कडेला घेऊन, बॅटरीच्या उजेडात
फडक्याने धरून प्लग काढायचा.
पेट्रोल निदान लिहून ठेवतं, काळं, तपकिरी, राखाडी.
अल्कोहोल काही लिहीत नाही.
प्लग पांढराच, कोऱ्या पोस्टकार्डासारखा.
आदिल्सनचे निरोप असेच येतात: सगळं ठीक.
मग मी फोन करतो. जेवलास का, काम मिळालं का,
खोली गरम असते का, परत कधी.
तो म्हणतो, ठीक. मी आणखी विचारतो.

अकरा वाजता वाल्देसीरने डबा बंद केला.
झाकण खोल, म्हणाला, वाटीचं.

गळ्यावर जेवढा दाब तेवढाच वाटीवर हवा,
नाहीतर थेंब आल्या वाटेने परत जातो.
ते आदिल्सनने नीट केलं होतं, नळी घालून, क्लिप आवळून.
पण वाटीत तरंगणारा पितळी फ्लोट,
पोकळ, आत साधी हवा,
बाहेरून एक किलो.
हातात घेतला तर चेपलेला,
कुणीतरी मुठीत धरून सोडल्यासारखा.
तो बुडायचा, सुई उघडी राहायची,
दारू काठोकाठ, काठावरून गळ्यात.

ही उपाशी नव्हती रे, वाल्देसीर म्हणाला,
बुडत होती. आणि तू वाढतोयस.

हे तो मोठ्याने म्हणाला, बहिरी माणसं म्हणतात तसं.
मी चेपलेल्या फ्लोटचा फोटो काढला,
पाठवला. खाली काही विचारलं नाही.

भंगाराच्या खोक्यातून त्याने एक भरीव फ्लोट शोधला,
कुठल्याशा ओपालाचा, काळा, आतून फोमचा.
दोनदा घासला, पट्टी वाकवली,
उंची बोटाच्या पेराने मापली.
जेट पुन्हा एकशे साठ.
स्क्रू अर्धा आटा मागे. मग पाव पुढे.
मग काहीच नाही, नुसतं ऐकणं.

टोलेदोच्या रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.
तिसरा गियर. शिट्टी. एक किलो.
पाठ सीटला चिकटली आणि चिकटलेलीच राहिली.
वाल्देसीरची टोपी मागच्या सीटवर.
पाय उचलला तशी गाडी शिंकली, खणखणीत,
आणि आम्ही दोघंही थांबलो नाही.

परतताना फोन थरथरला.
तिकडे पहाटेचे तीन.
सहा महिन्यांत पहिल्यांदा त्याने प्रश्न विचारला होता:
मग आता जेट कुठला?

गाडी कडेला घेतली. इंजिन चालूच ठेवलं.
लिहिलं: तू घातलेलाच.