ढील

मैदानाची मधली रेघ म्हणजेच विषुववृत्त,
असं माकापात म्हणतात.
मध्यंतरानंतर संघ गोलार्ध बदलतात
आणि हरायचे ते हरतातच.

तिथल्या शाळेत मी गणित शिकवतो.
मंगळवारी फळ्यावर पृथ्वी काढली (अंमळ चेपलेली आली),
तिच्या पोटाला करकचून दोरी बांधली
आणि म्हटलं, आता हिच्यात एकच मीटर जोडा,
सगळीकडून सारखी उचला.
खालून काय जाईल?

मुंगी, म्हणाले कोणी. मुंगीची सावली.
ओझियेल, ज्याचा बाप होड्या बांधतो, हसला :
चाळीस हजार किलोमीटरात एक मीटर?
तेवढी तर दोरी रात्रीच्या दवानं आखडते, सर.

जुसियेली काहीच बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी आजोबांचा ढोल घेऊन आली,
मराबाइशोच्या नाचातला, कातडं अजून ओलसर,
आणि होडीवाल्यांकडून मागून आणलेला दोर.
ढोलाला वेढा दिला. मग मीटरभर जास्त सोडून
दोराचं कडं केलं, जमिनीवर, ढोल मधोमध.
फटीत तिनं हात ठेवला :
अंगठ्यापासून करंगळीपर्यंत,
नऊ वर्षांची एक वीत.

मग आम्ही पाण्याच्या टाकीला वेढा दिला.
तीच वीत.
मग मी फळ्यावर त्रिज्या खोडली,
कारण ती समीकरणातून आपोआपच गळते.
ढोल असो की पृथ्वी,
मीटरभर ढिलीला सोळा सेंटिमीटर.
मांजर आरामात जाईल, काँगोत आणि बोर्निओत,
समुद्रावर सुद्धा, मांजराला पोहता आलं तर.

ओझियेल चिडला. खरंच चिडला.
मोठ्या गोष्टीला मोठी किंमत नको का?
मला उत्तर सुचलं नाही.

पण जुसियेलीनं विचारलं,
सारखी नाही वाटली तर?
सगळी ढील एकाच जागी ओढली तर?

आई तिची कायेनमध्ये, नदीपलीकडे,
दुसऱ्यांच्या घरातल्या फरश्या पुसते,
कागदपत्रं नाहीत म्हणून येत नाही.
रविवारी फोन करते.

रात्री मी गणित केलं. दोनदा, कारण विश्वास बसेना.
बाकी सगळी दोरी मातीला घट्ट चिकटवून
तोच एक मीटर एका ठिकाणी उचलला,
तर दोरी एकशे एकवीस मीटर वर जाते.
या गावात एवढं उंच काहीच नाही,
पाण्याची टाकी नाही, चर्चचा मनोरा तर नाहीच.

सकाळी तिला आकडा सांगितला.
तिनं वहीत लिहिला, खाली रेघ मारली,
आणि विचारलं,
ती जागा आपण ठरवायची का, सर?
मी म्हटलं, गणितात तशी अट नाही.

ढोल तिनं दुपारी परत नेला.
आजोबांना तो शनिवारी लागणार होता.