भाग दुसरा लवकरच

टेबलाखाली मी होतो.
अकरा वर्षांचा, गुडघ्यांत डोकं,
मुठीत मासेमारीचा नायलॉनचा दोरा,
दुसरं टोक आईच्या शिलाई मशीनच्या पायडलला.
एबो क्वान्साने चुटकी वाजवली की ओढायचं.
मशीन आपोआप चालायला लागे
आणि बाई किंचाळे.

नऊ दिवसांत झाला स्वेद्रूमध्ये आमचा सिनेमा.
कॅमेरा लग्नं टिपणाऱ्याचा, भाड्याचा,
कोपऱ्यातली तारीख काही केल्या जाईना,
म्हणून शंभर वर्षांपूर्वीचा शाप
लागतो १४ मार्च १९९२ ला,
दुपारी चार वाजून सहा मिनिटांनी.
रक्त म्हणजे पामतेल.
त्याला मुंग्या लागल्या आणि प्रेत दोनदा उठून बसलं.

गोष्ट एवढीच: मरताना सवत मशीनवर थुंकते,
मग त्यावर शिवलेलं जो अंगात घालील
त्याचं आयुष्य शेवटच्या टाक्यापुरतं.

मशीनचं भाडं दोन कोंबड्या
आणि पडद्यावर नाव.
नाव आलं, शुद्ध आलं:
अराबा मेन्सिमा, शिंपीण.

शाप उतरवायला खराखुरा पाद्री आणलेला.
'कट' म्हटलं तरी तो थांबेना,
कॅसेट संपली, उजेड गेला,
पाऊण तास तो मशीनला खडसावत राहिला
आणि आई दारात उभी राहून
आपल्याच मशीनविरुद्ध
आमेन, आमेन म्हणत होती.

पोस्टर जोनास आहिनफुलने रंगवलं, पिठाच्या दोन पोत्यांवर.
पोती आईनेच जोडून दिली, त्याच मशीनवर.
जोनासने सिनेमा पाहिलेला नव्हता.
त्याने मशीनला दात काढले,
बत्तीस मोजून, आणि एक जीभ, पार खालपर्यंत.

लॉरी-अड्ड्यामागच्या व्हिडिओ हॉलमध्ये तीन आठवडे
बाकं पुरली नाहीत. जनरेटर बंद पडला
तेव्हा अंधारात लोक जास्तच ओरडले.
मी सगळ्यांना सांगत फिरलो, मी होतो, मी, टेबलाखाली!

चौथ्या आठवड्यात शाळेचे गणवेश दुसरीकडे गेले.
मग चर्चच्या गायिकांचे झगे.
एक नवरी येऊन न कापलेली लेस
घडी न मोडता परत घेऊन गेली.
वाईट नव्हतं कुणी. बाजारात हसून विचारायचे,
बरी आहेस ना अराबा?
आईने मला पुढे उभं केलं, दोरा दाखवला.
दोरा बघून बायका आणखीच मागे सरकल्या.
करणीला दोरा लागतोच.

एबो एका संध्याकाळी सहा वार कापड घेऊन आला,
मान खाली. 'माझा शर्ट शिव.'
महिनाभर रोज तोच घालून गावभर हिंडला,
छाती काढून, मुद्दाम हळू.
मग मोटारसायकलवरून पडला, गळपट्टीचं हाड मोडलं.
गावाने काय समजायचं ते समजून घेतलं.

आई पाव विकू लागली.
कुणी विचारलंच, खरंच आपोआप चालायची का गं,
तर पावावरचं फडकं सारखं करत म्हणायची,
'मशीन चालली की. घर चाललं नाही.'

सिनेमाच्या शेवटी मोठ्या अक्षरांत होतं
भाग दुसरा लवकरच.
एबोने तो कधी काढला नाही.

कॅसेटला बुरशी लागली. मशीन माझ्याकडे आहे,
आठवड्यातून एकदा तेल देतो.
पोस्टर एका परदेशी माणसाने नेलं,
कुठल्याशा शहरात काचेमागे लावलंय,
मी फोटो पाहिला.
खाली जोनासचं नाव, साल, माप.
फोटो बोटांनी मोठा केला
तर दातांच्या मधोमध, वरपासून खालपर्यंत,
एक सरळ रेघ दिसते.
बघणाऱ्यांना ती पोत्याची घडी वाटत असेल.