घट

घरात आम्ही कातारी, बाजारात खरादी.
मल्हारगंजात दुकान: लाटणी, भोवरे, पाळण्याचे खांब,
आणि वर्षातून दोन-तीनदा एखादा पाईप.
अख्ख्या इंदुरात तो दुरुस्त करणारा मीच उरलोय,
हुशारीने नव्हे,
बाकीचे गेले म्हणून.

टिल्लू सर रुमालात दोन पाईप बांधून आले.
एक वडिलांचा, ते संस्थानच्या जंगलखात्यात होते.
एक मुलीने पाठवलेला, सहा वर्षांपूर्वी,
अजून न पेटलेला.
"हात लावून बघ, नरहरी. हे जुनं ब्रायर.
असं मूळ आता जमिनीत राहिलं नाही.
शंभर वर्षं दगडात दबून गाठ धरायची,
मग उकळायची, मग वाळवायची, घाई म्हणून नाही.
आताचं लाकूड म्हणजे शाळा सोडवून कामाला लावलेलं पोर."

मी गप्प. ते झाड मी पाहिलेलं नाही.
समुद्रापलीकडच्या उन्हात झुडूप असतं म्हणे,
आणि लाकूड ना खोडाचं ना फांदीचं,
जमिनीखालच्या गाठीचं,
जी वणव्यालाही पुरून उरते.
मला साग कळतो, शिसव कळतं, हळदू तर डोळे मिटून.

आणि आजोबांची लाटणी कळतात.
लोक येऊन सांगतात, साठ वर्षं झाली, तडा नाही,
तसं आता होत नाही तुमच्याकडे.
होत नाही, हो.
पण आजोबांनीच कातलेली जी महिन्याभरात वाकली
ती कुणाच्या बंबात गेली,
ती कोण आणून दाखवणार?

सराफ्यात कुणालाही विचारा:
जुनं ते सोनं खरंच,
पण मोडीला आणलंत तर घट धरणार.

सर गराडू खायला गेले तेवढ्यात
मी काजळी खरवडली. वडिलांची तीस-चाळीस वर्षं,
नखाएवढा थर.
मग स्पिरिटचा बोळा. काळसर रंग उतरला
तशा रेषा वर आल्या, उभ्या, एकीला एक लागून,
कडेला पाखरांच्या डोळ्यांसारखे ठिपके.
मान्य. नव्यात इतके नव्हते.
मग बुडाशी, जिथे अंगठा टेकतो तिथे,
एक खड्डा. लांबीने बुजवलेला.
शेजारी दुसरा, मसुराएवढा.
कुणीतरी, माझ्यासारखाच,
मालकाची नजर चुकवून की मालकाच्याच सांगण्यावरून,
भोक भरलं, रंग चढवला, पुढे सरकवलं.
नव्यावर एकच डाग. तो उघडा.

रंग पुन्हा चढवायला मला दहा मिनिटं लागली असती.
सर आले, बोटांना मसाला.
मी पाईप उलटा करून बल्बखाली धरला.

जन्मभर मुलांना दगड ओळखायला शिकवलेले डोळे.
बराच वेळ बघितलं.
"बाबांचा अंगठा इथेच फिरत असायचा.
मला वाटायचं, विचार करतायत."
मग जरा वेळाने,
"लांबी पण जुनीच ना रे?"
"जुनीच."
"बघ. आताची असती तर कधीच निघून आली असती."

हसले बहुतेक. मीही.
मग सहज विचारलं, चवीत फरक पडतो का हो?
"पडायचा," म्हणाले.
डॉक्टरांनी बंद करूनच सहा वर्षं झालीत.

रंग नको म्हणाले, मेण तेवढं लाव.
पैसे एकाचेच घेतले,
कारण दुसऱ्याला काही झालंच नव्हतं.
तो नवा ते काउंटरवरच विसरले,
की ठेवून गेले; मी दोनदा निरोप धाडला.

आता फळीवर असतो, भोवऱ्यांच्या रांगेत.
मी ओढत नाही. कधी हुंगतो;
नुसत्या लाकडाचा वास, कुठल्या गावचा कळत नाही.
परवा शाळा सुटल्यावर एक पोरगा आला,
सगळे भोवरे चाळले, तो उचलला,
उलटासुलटा केला,
म्हणाला, भिया, याला दोरी कुठून गुंडाळायची?