डाव्या कानाची घडी

पहिल्यांदा नेनिता बोलली, मासळी तोलता तोलता:
“क्रिसान्तो, तुझा कान टीव्हीवर दिसला.”

बाबांचा डावा कान वर दुमडलेला आहे,
वाचताना पानाचा कोपरा मुडपून ठेवावा तसा.
साडेआठच्या मालिकेतल्या रेनान सोलिडेरचाही आहे.
एवढंच.
एवढ्याशा भांडवलावर ला पासच्या बाजारात
आठवड्याभरात दुकान उभं राहिलं.

रेनान मुलाखतीत वडिलांचं नाव घेत नाही.
बाबा ब्याण्णव साली मनिलात होते,
बंदराजवळच्या खानावळीत, दहा महिने.
रेनान त्र्याण्णवचा.
बायकांनी हिशेब बोटांवर केला, लसूण सोलता सोलता,
आणि बोटं पुरली.

बाबा आधी हसले. मग चिडले.
मग नुसतेच वाडग्यांत शेवया घालत राहिले,
वर उकळता रस्सा, वर काळजाचे काप.
“नाही हो,” म्हणायचे,
पण त्यांच्या ‘नाही’ला बाजारात भाव नव्हता.
गिऱ्हाईक मात्र वाढलं.
लोक वाडगा पुढे ओढायचे
आणि त्यांच्या कानाकडे बघत जेवायचे.
आईने पैसे मोजले. एका शब्दाने विचारलं नाही.
मालिका लागली की ती आवाज बंद करायची
आणि चित्र बघत बसायची.

मी आरशासमोर केस मागे घेतले.
माझे दोन्ही कान सरळ, आईवर गेलेले.
तेव्हा पहिल्यांदा वाटलं,
या खटल्यात पुरावा कमी आहे तो माझ्याकडे.

मग त्याच्या बातम्या आमच्या घरी येऊ लागल्या,
टपाल बरोबर पत्त्यावर यावं तशा:
त्याचा करार मोडला.
छे, तोच चालला दुसऱ्या वाहिनीकडे.
दिग्दर्शकावर चप्पल उगारली. गुडघ्यात सळई घातली.
नायिका म्हणे त्याची सावत्र बहीण
(हे नेनितालाही जड गेलं, तिने मावसबहिणीवर तडजोड केली).
मालिकेत त्याची होडी बुडाली त्या रात्री
तिघीजणी केळीच्या पानात तांदळाचा केक घेऊन आल्या,
दारातच चपला काढून, दबक्या आवाजात.
बाबा म्हणाले, “अहो, प्रेत कुठे दाखवलंय?
परत आणतील त्याला.”
आई उठून आत गेली.
ते ऐकून मलाही कळलं:
माणूस ‘नाही’ म्हणता म्हणता
काळजी करायला लागला होता.

जानेवारीत, दिनाग्यांगच्या जत्रेला, तो आला.
ट्रकवर उभा, घामाने रंग मानेपर्यंत उतरलेला,
टीव्हीवर दिसतो त्याहून बुटका.
बाजाराने बाबांना पुढे ढकललं, देव पुढे ढकलतात तसं.
त्याला कोणी काय सांगितलं कोण जाणे.
तो खाली उतरला, वाकला,
आणि बाबांचा उजवा हात कपाळाला लावला.
आमच्याकडे कुणाही वडीलधाऱ्याचा लावतात.
त्या सकाळी त्याने निदान चाळीस हात लावले असतील.
पण गर्दी जी ओरडली!
ढोल थांबले ते लोकांनाच ऐकू आले नाहीत.
मी बघितलं, बाबा त्याच्या चेहऱ्याकडे बघत नव्हते.
थोडं डावीकडे बघत होते.

संध्याकाळी त्यांनी काळीज डाव्या हाताने कापलं.
काप जाड, वेडेवाकडे.
आईने दोन वाडगे जाऊ दिले.
मग म्हणाली, “उजव्याने काप. लोक खोळंबलेत.”

रात्री भांडी घासताना मी विचारलं, “कान?”
“मेकअप फार होता,” म्हणाले.
जरा वेळाने: “हात गरम होता पण. ताप असेल.”

मालिका मार्चमध्ये संपली.
आता साडेआठला दुसरंच कोणीतरी बुडतं.
रेनान कॅनडात गेला म्हणतात, कोणी म्हणतं दावावला, कोंबड्या पाळतो.
बाबा ऐकून घेतात, आणि म्हणतात, कोंबड्यांचं बरं आहे.

काल नेनिता माझ्याकडे निरखून बघत म्हणाली,
हिची हनुवटी अगदी त्या हवामान सांगणाऱ्यासारखी,
वादळाचे आकडे सांगतो ना, तो.
बाबा खदखदून हसले, पळी हातातून पडली.
आईने टीव्हीचा आवाज बंद केला.