आहे मी

अकरा जानेवारी. लष्करातल्या आमच्या गल्लीत
धुकं इतकं, की किल्ला आहे
हे केवळ सवयीने मानायचं.
आधी सायकलची घंटी येते,
मग दुधाची किटली, मग दूधवाला.

अशा सकाळी मी नळ सोडला की
न्हाणीच्या भिंतीवरचा गॅसचा गीझर
'भक्क' म्हणायचा,
आणि दाराबाहेरून कुमुद, "ठीक ना?"
"हो."
तीन मिनिटांनी पुन्हा, "ठीक ना?"
साबण डोळ्यांत, पाणी तोंडात, तरी हो म्हणायचं.
नाही म्हटलं तर बाहेरूनही उघडेल अशी कडी
तिने सुताराकडून करून घेतली होती.

थाटीपूरच्या रेगे मास्तरांचा मुलगा.
लग्नाला अठरा दिवस होते.
निळी ज्योत, बंद खिडकी,
ना वास, ना धूर.
कुमुद भेटून आली ती
आमच्या न्हाणीच्या खिडकीची काच काढून मगच जेवली.
तेव्हापासून एकवीस हिवाळे आम्ही
गरम पाण्याने आणि गार वाऱ्याने
एकदमच आंघोळ केली.

यंदा पेन्शनचा फरक मिळाला.
दुसरं सिलिंडर एजन्सीत परत केलं.
फॉर्मात रकाना होता: कारण.
मी लिहिलं, 'घरगुती'.

मग परमानंद कुशवाह गच्चीवर चढला,
मागे दोन पोरं, दोनशे लिटरची टाकी
आणि पंखा बसवलेली एक पेटी.
मी विचारलं, यात पेटतं काय?
"कुछ नहीं जलता, बाबूजी.
हवा में जो गरमी है, वही खींच के
पानी में धर देगा."
मी कानटोपी आणखी खाली ओढली. चार अंश.
"इस हवा में?"
"इसी में."

टेलिफोन एक्स्चेंजात चौतीस वर्षं काढलेला माणूस मी,
न दिसणाऱ्या गोष्टींवर पगार घेतलेला.
तरी पंख्यासमोर हात धरून पाहिला.
बाहेर पडत होती ती हवा आणखीच गार,
खिशातली शेवटची चिल्लरही
देऊन आलेल्या माणसासारखी.

पहाटे पेटीच्या पत्र्यांवर बर्फाची साय धरते.
मग घरघर थांबते, सूर बदलतो,
टाकीतलीच थोडी ऊब उलटी फिरवून
यंत्र आपला बर्फ आपणच वितळवतं
आणि काही न बोलता पुन्हा कामाला लागतं.
ठिबकणारं पाणी कुमुदने
पुदिन्याच्या डब्यात सोडलंय.
पलीकडच्या बाथमबाईंची तक्रार आली,
तुमच्या या फुंकरीने आमचं दही लागत नाही.
कुमुद म्हणाली, मे महिन्यात बोलू.

पहिल्या दिवशी नळ सोडला. भक्क नाही.
खिडकीला नवी काच, आरशावर वाफ.
साबण लावला, तांब्या उचलला
आणि तसाच थांबलो.
बाहेर कोणी नव्हतं.
स्वयंपाकघरात पोळपाट वाजत होता.
तीन मिनिटं. आणखी तीन.
पाणी हवं तेवढं होतं, कढत,
मीच अर्ध्या बादलीत आटोपलं.
नंतरही तसंच. ती सकाळी निवांत,
गजकचा तुकडा मोडून चहा पिते,
पेपर पहिल्यांदा तिच्या हातात असतो.
याला तक्रार कशी म्हणायची?

नवव्या दिवशी राहवलं नाही.
कोणी विचारलेलं नसताना
आतून ओरडलो, "आहे मी!"

लाटणं थांबलं.
"असणारच की," ती तिथूनच म्हणाली.
मग थोड्या वेळाने,
दाराच्या अगदी जवळून,
"पाठ राहिली असेल चोळायची."